पंप रात्रभर चालला, पाणी मात्र तिथंच

वाचकाचं पत्र, थोडं छोटं करून:

"नमस्कार दादा, आमची १४ फ्लॅटची बिल्डिंग, खाली बेसमेंट पार्किंग. कोपऱ्यात १ मीटर बाय १ मीटरचा खड्डा आहे, त्यात १ एचपीचा सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायचा पंप), फ्लोटवाला, म्हणजे तरंगणाऱ्या स्विचवर आपोआप चालू-बंद होणारा. मागच्या पावसाळ्यात दोनदा पाणी भरलं. पहिल्यांदा पंप रात्रभर चालू होता, मी दोनदा उठून बघून आलो, आवाज येत होता, पाइपातून पाणीपण पडत होतं, पण सकाळीही पाणी घोट्याएवढंच. दुसऱ्यांदा लाइट गेली आणि आमच्या संप पंपाने खराखुरा संप पुकारला. गुडघाभर पाणी, ६ गाड्या कामाला लागल्या, लिफ्ट महिनाभर बंद. शेवटी एकाने पेट्रोलवरचा पंप आणून बेसमेंटमध्येच चालवला तेव्हा पाणी निघालं. आता पंपवाला म्हणतो ३ एचपी टाका, विषय संपला. अर्धी कमिटी हो म्हणतेय, अर्धी म्हणतेय दोन पंप घ्या, आणि तळमजल्यावरचे काका म्हणतात पाणी जमिनीतूनच येतंय, पंपाने काही होणार नाही. रविवारी मीटिंग आहे, काय सांगू? हां, पंपाचा पाइप रॅम्पच्या बाजूच्या गटारात सोडलाय, टेरेसचा पाइपही तिथंच येतो. — वैतागलेला सेक्रेटरी"

सेक्रेटरीसाहेब, नमस्कार.

तुमच्या प्रश्नावर येतो, पण आधी तो पेट्रोलवाला पंप. तो बेसमेंटमध्ये चालवला आणि कुणाला काही झालं नाही हे तुमचं नशीब समजा. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, बंद जागेत तो काही मिनिटांत इतका साठतो की माणसाला चक्कर येते, खाली बसतो आणि उठतच नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच पडतो. रॅम्पचं तोंड उघडं आहे म्हणून चालेल असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. इंजिन बाहेर, मोकळ्या हवेत, दारं-खिडक्यांपासून लांब, आणि फक्त पाइप आत. जनरेटरलाही हाच नियम. मीटिंगमध्ये बाकी काहीही ठरो न ठरो, हे मात्र सगळ्यांना सांगाच.

आता त्या रात्रीचं कोडं. पंप चालू, पाणी पडतंय, तरी पातळी तीच. तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता जे वाक्य लिहिलंय ना, गटाराचं, उत्तर बहुतेक तिथंच आहे. जोराचा पाऊस पडतो तेव्हा रस्त्याच्या कडेचं गटार तुडुंब भरतं, मग तुमचा पंप जे पाणी त्यात टाकतो त्याला पुढे जायला जागा नाही, ते गटारातून वर येतं, रॅम्पच्या उतारावर आलं की धावत परत बेसमेंटमध्ये, तिथून खड्ड्यात, खड्ड्यातून पंपात, पंपातून परत गटारात. तुमचा पंप पाणी बाहेर काढतच नव्हता हो, ते गोल गोल फिरवत होता. रात्रभर लाइट जाळून एकच पाणी शंभर वेळा उपसलं. अशात ३ एचपी टाकला तर काय होईल? तेच पाणी जास्त जोरात फिरेल, बस.

खात्री करायची असेल तर कोरड्या दिवशीची तपासणी पुरणार नाही, कारण तेव्हा गटार रिकामं असतं आणि सगळं छान दिसतं. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन रॅम्पच्या तोंडाशी उभे राहा, पाइपाच्या तोंडाशी रांगोळीतला नाहीतर खाण्यातला थोडा रंग सोडा आणि बघा खाली काय येतंय. किंवा त्याहून सोपं, पंपाला तात्पुरता लांब होज जोडून पाणी उताराच्या पलीकडे, जिथून ते परत येऊच शकत नाही अशा ठिकाणी सोडून बघा. पातळी उतरायला लागली तर अर्धा आजार कळला. कायमचा उपाय म्हणजे डिलिव्हरी लाइन, म्हणजे पंपाचं पाणी बाहेर नेणारा पाइप, बिल्डिंगपासून निदान ३ मीटर लांब न्यायची, जास्त नेता आली तर उत्तमच, आणि तिचं तोंड अशा ठिकाणी काढायचं की तिथून जमिनीचा उतार तुमच्याकडे नाही, पलीकडे आहे. आणि कुणी शहाणा सुचवेलच की संडासाच्या ड्रेनेज लाइनला जोडून टाका, ते नको, बऱ्याच ठिकाणी त्याला परवानगीच नसते, आणि ती लाइन तुंबली की जे उलटं येतं ते पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी घाण असतं.

आता काकांचं म्हणणं. काकांना उडवून लावू नका, त्यांचा मुद्दा तपासायला सोपा आहे. बेसमेंटमध्ये पाणी येण्याच्या मोजून चार वाटा असतात: वरून रॅम्पने, जमिनीतून, बिल्डिंगच्याच एखाद्या फुटक्या पाइपातून किंवा टाकीतून, आणि उलटं आलेलं ड्रेनेज. कुठली वाट आहे ते वेळेवरून कळतं. पाऊस सुरू झाला आणि अर्ध्या तासात पाणी, पाऊस थांबला की वाढही थांबली, तर ते वरचं. पाऊस पडून गेल्यावर, कधी एखाद्या दिवसाने, सावकाश वाढतंय, आणि लादी जिथे भिंतीला मिळते त्या कोपऱ्यातून किंवा लादीच्या चिरेतून झिरपतंय, तर जमिनीतलं. उन्हाळ्यातही खड्ड्यात स्वच्छ पाणी साचत असेल तर आधी पाण्याच्या टाकीवर संशय घ्या, रात्री टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. तुमच्या वर्णनावरून मला तरी मुख्य पाणी वरचंच वाटतंय. काकांचं पाणी असेलही थोडंफार, पण ते गुडघाभर व्हायला वेळ घेतं, एका रात्रीत सहा गाड्या बुडवत नाही.

आणि वरचं पाणी किती येतं याचा हिशोब घरी बसून होतो, त्याला कुणी इंजिनियर लागत नाही. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. तुमचा रॅम्प समजा ४ मीटर रुंद, १५ मीटर लांब, म्हणजे ६० चौरस मीटर. तासाला ६० मिलिमीटरचा जोरदार पाऊस धरा, म्हणजे मिनिटाला १ मिलिमीटर, म्हणजे रॅम्पवरून मिनिटाला ६० लिटर. हे तर १ एचपीला काहीच नाही. पण टेरेस समजा २०० चौरस मीटर, त्याचा पाइप तुम्ही रॅम्पशेजारी आणून सोडलाय, गटार भरलं की तेही पाणी रॅम्पवरच, म्हणजे आणखी २०० लिटर. झाले २६०. एवढ्यातच बघा, टेरेसचा पाइप दुसऱ्या बाजूला वळवला की तीन चतुर्थांश ओझं कमी, आणि ते एकही पंप न घेता, प्लंबरच्या दिवसभराच्या कामात. माप तुमचं तुम्ही टाका, माझे आकडे धरून बसू नका, पण पद्धत हीच.

त्यातही एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे कुठलाच पंप टिकत नाही. रस्त्यावरचं पाणी जर रॅम्पच्या तोंडापेक्षा वर आलं तर. ४ मीटर रुंद तोंडावरून नुसतं १० सेंटिमीटर उंचीचं पाणी आत वाहायला लागलं तर ते साधारण सेकंदाला २०० लिटर होतं. सेकंदाला! तुमच्या १ एचपीसारखे पन्नास पंप ओळीने लावले तरी जमेल की नाही शंका आहे. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा हवा, म्हणजे रस्त्यावरून आत येताना गाडी आधी थोडी वर चढली पाहिजे आणि मग उतरली पाहिजे. बऱ्याच बिल्डिंगमध्ये तो मुळात असतो, मग रस्त्याचं डांबर दरवर्षी एकावर एक चढत जातं आणि उंचवटा आपोआप गायब होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमचा आहे का बघा. नसेल तर गवंड्याकडून करून घ्या, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून ठेवा, पूर येणार असं दिसलं की त्यात फळ्या सरकवायच्या. वाळूची पोती असतातच पण मध्यरात्री पोती भरायला कोण येतंय. रॅम्पच्या पायथ्याशी आडवा जाळीचा चर असेल तर तो गाळाने भरलाय का तेही बघा, शंभर टक्के भरलेला असणार.

एवढं सगळं झाल्यावर मग पंप. मी मुद्दाम शेवटी आणला, कारण सगळे तिथूनच सुरू करतात.

पंपवाला एचपी एचपी करतो, तुम्ही हेड विचारा. हेड म्हणजे पाणी किती उंच ढकलायचंय. खड्ड्यातल्या पाण्यापासून पाइप जिथे बाहेर पडतो तिथपर्यंतची सरळ उंची, अधिक पाइपातून जाताना घर्षणाने वाया जाणारा जोर. पंपाच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात, मॅक्स हेड आणि मॅक्स डिस्चार्ज, आणि आपण भाबडेपणाने समजतो की एवढ्या उंचीवर एवढं पाणी मिळणार. तसं नसतं! मॅक्स डिस्चार्ज मिळतो तो पाणी जवळपास वर चढवायचंच नसेल तेव्हा, आणि मॅक्स हेडला पाणी शून्य, पंप नुसता पाणी तोलून धरतो. खरं काम या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि ते किती ते कंपनीच्या आलेखावर दिसतं, त्याला परफॉर्मन्स कर्व्ह म्हणतात. तो मागा. जो पंपवाला कर्व्ह दाखवू शकत नाही त्याच्याकडून पंप घेऊ नका, इतकं साधं आहे.

आणि पाइप बारीक असला तर मोठ्या पंपाचाही गळा आवळला जातो. तेवढंच पाणी अर्ध्या व्यासाच्या पाइपातून ढकलायचं म्हटलं तर घर्षण दुप्पट नाही होत, साधारण ३२ पट होतं. पंपाचं तोंड दोन इंची, पण प्लंबरकडे त्या दिवशी सव्वा इंची पाइप पडला होता म्हणून रिड्यूसर, म्हणजे मोठ्याला लहान पाइप जोडणारा तुकडा, लावून तो जोडला, वर चार-पाच एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं, असं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कुठेही गेलो की आधी पाइपाकडेच बघतो. पंपाचं तोंड जेवढं तेवढाच पाइप शेवटपर्यंत, वळणं कमीत कमी.

तुमचा आत्ताचा पंप खरंच किती पाणी देतो ते मोजणं तर गंमत आहे. तुमचा खड्डा १ बाय १ मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटरने बदलली की १० लिटर. भिंतीवर ऑइलपेंटने सेंटिमीटरच्या खुणा करा. पाऊस चालू असताना, पाणी खड्ड्याच्या आत असेल तेव्हाच, पंप बंद ठेवून १ मिनिट बघा पाणी किती चढलं. मग पंप चालू करून १ मिनिट बघा किती उतरलं. समजा बंद असताना ५ सेंटिमीटर चढलं, चालू असताना ८ उतरलं, तर येणारं पाणी मिनिटाला ५० लिटर आणि पंपाची खरी ताकद १३ सेंटिमीटर, म्हणजे १३० लिटर. बाहेर वाकून खुणा बघा, खड्ड्यात उतरायचं नाही. हे दोन आकडे हातात असले की मीटिंगमध्ये कुणी तोंडच उघडणार नाही. नवीन पंप घ्यायचा तर येणाऱ्या पाण्याच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा, तुमच्या खऱ्या हेडला. त्याहून फार मोठा घेऊ नका, कारण खड्डा तेवढाच आहे, मोठा पंप तो क्षणात रिकामा करतो, बंद होतो, पाणी भरतं, परत चालू, परत बंद, आणि दर वेळी चालू होताना मोटर कितीतरी पट करंट खेचते आणि तापते. असे मोठे पंप कमी चालून लवकर जळतात. लोकांना वाटतं माल खराब निघाला.

मग दोन पंपवाल्यांचं काय? त्यांचं बरोबर आहे, मी त्यांच्या बाजूने. एक ३ एचपीपेक्षा दोन सारखे मध्यम पंप केव्हाही चांगले, कारण एक पंप म्हणजे एक फ्लोट, एक केबल, एक इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र), यातलं काहीही गेलं की खेळ खलास, आणि ते नेमकं पावसातच जातं, कारण बाकी वर्षभर त्याला कुणी हातच लावत नाही. दोन पंप असले की पॅनेल असं घ्या जे त्यांना आलटून पालटून चालवतं, म्हणजे दुसरा नुसता पडून गंजत नाही. खड्ड्यात चार पातळ्या ठरवायच्या, सगळ्यात खाली बंद, त्याच्यावर पहिला पंप चालू, त्याच्यावर दुसराही चालू, आणि सगळ्यात वर भोंगा. हा भोंगा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच सगळे काटकसर करतात. वॉचमनच्या केबिनमध्ये वाजेल असा, आणि बॅटरीवरचा, म्हणजे लाइट गेली तरी वाजेल.

दोन्ही पंपांना स्वतंत्र एनआरव्ही हवा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. दोघांचा पाइप वर एकत्र येत असेल आणि एनआरव्ही नसेल तर चालू पंपाचं पाणी बंद पंपातून उलटं खड्ड्यात, परत तेच गोल गोल. व्हॉल्व्हवर बाण असतो तो पाणी जायच्या दिशेने. हसू नका, मी स्वतः एकदा उलटा बसवून घेतलाय आणि अर्धा तास मोटरला शिव्या घालत बसलो होतो. आणखी एक, पंप आणि एनआरव्हीच्या मधल्या पाइपाला खड्ड्याच्या आतच ३ मिलिमीटरचं एक छिद्र लागतं, नाहीतर हवा अडकून पंप नुसता घरघरतो, पाणी उचलत नाही. काही पंपांना ते बॉडीतच दिलेलं असतं, कंपनीचा कागद वाचा. चालू असताना त्यातून पिचकारी उडते, ते लिकेज नाही, उत्साहाच्या भरात कुणी एमसील लावून बुजवू नका.

३ एचपी घेतलाच आणि तो थ्री फेज असला तर फेजची अदलाबदल झाली की तो उलटा फिरतो, आवाज करतो, थोडं पाणीही देतो, त्यामुळे संशयच येत नाही. बसवल्या दिवशी दिशा तपासून घ्या, आणि मीटर रूममध्ये कुणी वायरिंगला हात लावला की परत तपासा.

आणि हो, कुणी "आपला जुना मोनोब्लॉक पडलाय तोच लावू" म्हणेल. मोनोब्लॉक म्हणजे पाण्याबाहेर ठेवून चालवायचा पंप, तो बेसमेंटच्या फरशीवर बसवणार म्हणजे पाणी भरल्यावर सगळ्यात आधी तोच बुडणार. तो वर ठेवायचा म्हटला तर पाणी खालून ओढायची मर्यादा व्यवहारात ६-७ मीटरच्या आसपास, आणि फुटवॉल्व, म्हणजे ओढायच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, ज्याला बोलताना सगळे फुटबॉल म्हणतात, त्यात एक काडी अडकली की प्रायमिंग, म्हणजे पाइपात भरून ठेवलेलं पाणी, गेलं, रात्री दोन वाजता कोण बादलीने पाणी भरत बसणार. इथे सबमर्सिबलच, आणि तोही गढूळ पाणी, छोटे खडे पास करणारा, विहिरीच्या स्वच्छ पाण्याचा नको.

आता लाइट. पंप लागतो तेव्हाच लाइट जाते, हे दोन्ही एकाच वादळाचे भाऊबंद आहेत. घरातला इन्व्हर्टर लावू असं कुणी म्हणेल तर हिशोब करा, १ एचपीची मोटर चालू असताना १ किलोवॉटच्या वर खाते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट झटका देते, तो झटकाच बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला झेपत नाही. आणि झेपला तरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज असते, त्यातली सगळी वापरता येत नाही, म्हणजे सलग चालवला तर तासभर धरा. दोन रस्ते आहेत. लिफ्टसाठी जनरेटर असेलच तर पंपाचं पॅनेल त्याच्यावर घ्या, फक्त तो जनरेटर बेसमेंटमध्ये नाही ना ते बघा (असतो, खूप ठिकाणी असतो, आणि पंपाआधी तोच बुडतो). नाहीतर बॅटरीवर चालणारा छोटा डीसी पंप वेगळा बसवा, मुख्य पंपापेक्षा थोडा वरच्या पातळीला चालू होणारा. तो सगळं पाणी नाही काढणार, पण टेरेसचं पाणी वळवलेलं असेल तर मिनिटाला ५०-६० लिटर त्याला झेपू शकतात. बघा, परत त्या टेरेसच्या पाइपावरच आलो.

विजेचं तर एकदम कडक. पंपाचा स्टार्टर, पॅनेल, सॉकेट सगळं मागच्या वेळी पाणी जिथपर्यंत आलं त्याच्या बरंच वर, जमलं तर जिन्यात वरच्या बाजूला. स्वतंत्र एमसीबी, स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरंच आहे का ते मोजून. पाणी भरलेल्या बेसमेंटमध्ये वरून मेन बंद केल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही, गाडी काढायला तर नाहीच. तुम्ही त्या रात्री दोनदा उतरलात ना, घोटाभर पाण्यात, चालू पंपाजवळ? परत करू नका. लिफ्टचं म्हणाल तर भोंगा वाजला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, हे वॉचमनला लिहून द्या. महिनाभर जिने चढलात, त्यातला बराचसा त्रास या एका गोष्टीने वाचला असता.

काकांचं जमिनीतलं पाणी खरंच निघालं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पंपातून सतत बारीक वाळू किंवा माती येत असेल, पाणी स्वच्छ होतच नसेल, तर तुम्ही पाण्याबरोबर बिल्डिंगखालची जमीनही उपसताय, तिथे पंपवाला नाही, स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवायचा, लगेच. दुसरं, कधी बेसमेंट छातीभर भरलं तर घाईघाईने रिकामं करू नका. बाहेरची भिजलेली जमीन भिंतींना आत ढकलत असते आणि आतलं पाणीच त्यांना टेकू देत असतं, पाण्याच्या दर मीटर उंचीला चौरस मीटरमागे १ टनाचा दाब, लादीलाही खालून तेवढाच. ३० सेंटिमीटर काढा, खूण करा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, पाणी परत चढलं तर अजून वेळ आहे. घोटा-गुडघ्याएवढ्या पाण्याला हे लागू नाही, ते खुशाल काढा.

देखभालीत मोठं काही नाही. पावसाळ्याच्या महिनाभर आधी एकदा, आणि मग पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, खड्ड्यात पाणी सोडून फ्लोट आपोआप उचलतोय का, पंप चालू होऊन बंद होतोय का एवढं बघायचं. पंप बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे फ्लोटची वायर पाइपात किंवा केबलीत अडकलेली असते, बस, हाताने सोडवली की झालं (मेन बंद करून). पंप खड्ड्याच्या तळावर नको, दोन विटांवर ठेवा म्हणजे गाळ ओढणार नाही. गाळ वर्षातून एकदा काढायचाच. आणि खड्ड्यावर झाकण हवं, पोरं खेळतात, डासही होतात.

तर रविवारी सांगायचं असं की मोठा पंप आत्ता नाही. आधी डिलिव्हरी लाइनचं तोंड बदलणं, टेरेसचा पाइप वळवणं, रॅम्पचा उंचवटा. मग मोजमाप. मग त्या आकड्यांवर दुसरा पंप, पॅनेल, भोंगा आणि बॅकअप. पंपवाल्याला नाराज करू नका, दुसरा पंप त्याच्याकडूनच घ्या, कर्व्ह दाखवला तर.

आणि पावसात मोजलेले ते दोन आकडे मला नक्की पाठवा. सोबत डिलिव्हरी पाइप शेवटपर्यंत कुठल्या साइजचा निघाला तेही लिहा, माझी पैज आहे की मध्ये कुठेतरी रिड्यूसर निघणारच.